पौष्टिक आहाराचा कारभार माझ्या हाती

२ ऑगस्ट, सकाळ
आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. गोदाम बंद पडल्यापासून मी घरी असतो. बेकार नव्हे, उपलब्ध. हिच्या लाँड्रीतल्या एका पगारात चार माणसांना सकस खायला घालायचं तर डोकं लागतं. ही आजवर नुसत्या अंदाजाने रांधत आली. मी मुरलेला स्टोअरकीपर. हिला म्हटलं, आता तू फक्त जेवायचं. ही म्हणाली, बघू.
आवाजात कौतुक होतं.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
सोयाबीनचं अख्खं पोतं आणलं. घाऊक भावात. महिन्याचं बजेट जवळजवळ संपलं, पण दूरदृष्टी म्हणतात ती हीच. माझ्या वडिलांनी, अण्णांनी विचारलं, तेल कुठाय? म्हटलं, तेलाने कोलेस्टेरॉल वाढतं. अण्णा म्हणाले, या वयात काहीतरी वाढू दे की रे.

३ ऑगस्ट
सोयाबीन शिजत नाही. म्हणजे माल अस्सल.

४ ऑगस्ट
रात्रभर भिजवावं लागतं, असं ही म्हणाली. मला ठाऊक होतंच. तिलाही काहीतरी सांगितल्याचं समाधान मिळावं म्हणून गप्प बसलो.

८ ऑगस्ट
आहारात व्हरायटी हवी. काल सोयाबीन-कोबी, आज कोबी-सोयाबीन. कोबीची बाहेरची पानं भाजीवाली फुकट देते. कशाला लागतात, ससे पाळलेत का, म्हणाली. हो म्हटलं. उगाच वाद नको. अण्णांनी दातांची कवळी काढून खिशात ठेवली आणि जेवण झालं म्हणाले.

११ ऑगस्ट
घरात दूध बंद. कॅल्शियम कोबीतही असतं.
बाजारातून परतताना बेकरीत दोन क्रीमरोल खाल्ले. किरकोळ खर्चात टाकले. रांधणाऱ्याने बाहेरच्या चवींचा अभ्यास ठेवायला हवा.

१४ ऑगस्ट
मोठं यश! आमची चिमणी सातवीत आहे, पण पानावर बसली की हट्ट लहान पोरासारखा. आता एक शब्द बोलत नाही. वाढलं तेवढं गिळते, ताट घासते, अभ्यासाला बसते. ‘अजून दे’ तर कधीच नाही. शिस्त लागली.
ही कामावरून आली आणि जिन्यातच बसली. गरगरलं म्हणाली. म्हटलं, लाँड्रीत वाफ फार असते ना. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. थकली की तिचे डोळे असे होतात.

१९ ऑगस्ट
शाळेतून निरोप! चिमणीच्या जेवणाबद्दल बोलायचंय, वडिलांनी यावं. अखेर कुणीतरी दखल घेतली. पालकसभेत व्याख्यान ठेवणार, दुसरं काय. विषय ठरला: कमी खर्चात संपूर्ण आहार. शर्टाला इस्त्री केली. आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं. अण्णा म्हणाले, जातोच आहेस तर पोतंही घेऊन जा.

२० ऑगस्ट
वर्गशिक्षिकेने दार लोटून घेतलं. मी घसा साफ केला. त्या म्हणाल्या, आधी माझं ऐकता का?
ज्या मुलांच्या घरी अडचण आहे, त्यांना शाळेत दुपारी मोफत जेवण मिळतं. चिमणीने आपण होऊन विचारलं होतं, मला मिळेल का. गेला आठवडाभर ती तिथेच जेवते. घरचा डबा तसाच राहतो. बाबांना सांगू नका म्हणाली, ते फार मेहनत घेतात, त्यांना वाईट वाटेल. पण कळवल्याशिवाय मला राहवेना, असं बाई म्हणाल्या.
म्हटलं, आमच्या घरी काहीही अडचण नाही.
बाईंनी विचारलं, तुम्ही जेवलात का? जेवलो म्हटलं. तरी मला भोजनगृहात घेऊन गेल्या.
भात, पातळ डाळ, उकडलेलं अंडं. लांब बाकावर मुलं खाली मान घालून जेवत होती. चिमणी पलीकडच्या बाकावर. मैत्रिणीला काहीतरी सांगत खळखळून हसत होती. घरात तिचं हसू शेवटचं कधी ऐकलं, आठवेना. मग तिने मला पाहिलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून थांबली.
बाईंनी माझ्यापुढेही ताट ठेवायला लावलं. ते रिकामं झालं तशी वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, अजून भात? निव्वळ दर्जा तपासायचा म्हणून हो म्हटलं.
तिसऱ्यांदा वाढताना मावशी हळूच म्हणाल्या, सावकाश खा, दादा. भरपूर आहे.