मागचे दोन स्पीकर

तोकामाची, ३ नोव्हेंबर

चि. सावाको हिस तोमिए आत्याचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झाला. फोनवर तू सदा घाईत असतेस आणि हे दोन मिनिटांत आटपणारं नाही, म्हणून पत्र लिहिते. विषय तुझ्या बाबांचा.

दादा दर शनिवारी नागाओकाला जातो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होम थिएटर ऐकवायची वेगळी खोली आहे. त्या खोलीत डोळे मिटून तासभर बसतो आणि काही न घेता परत येतो. दुकानातला हायात्सु आपल्याच गल्लीतला, त्याने मला गाठून सांगितलं. आजोबा दर वेळी म्हणे एकच मागतात, पुढचे सगळे स्पीकर बंद कर आणि मागचे दोन तेवढे चालू ठेव. आता सिनेमातली माणसं बोलतात ती पुढच्या स्पीकरमधून. मागून नुसता वारा, पाऊस, गर्दी. बिचारा हायात्सु सहा महिने नोकरीत आहे, त्याला असं गिऱ्हाईक कुणी शिकवलं नव्हतं.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण मिचिए वहिनी मे महिन्यात गेल्यापासून तो घरात बसतच नाही. दुपार कलली की अंगणातल्या छोट्या गाडीत जाऊन बसतो, इंजिन चालू, हीटर चालू, रेडिओ चालू. जेवतोही तिथेच, भाताचे गोळे आणि थर्मासमधला चहा. घराला अजून बर्फ अडवायच्या फळ्यासुद्धा लावलेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणतो, तुझ्या घरचं बघ. शहात्तर वर्षांचा झाला, पण माझ्याशी बोलताना अजून सातवीतलाच आहे.

तू एकुलती एक. काय करायचं ते तूच ठरव. माया असू दे.

तुझी,
तोमिए आत्या

नागोया, ९ नोव्हेंबर

ती. आत्यास सावाकोचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसातच उघडलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. बाबा फोनवर मला एवढंच सांगतात, थंडी पडली, मुळे चांगले आले. गाडीचं एका शब्दाने बोलले नाहीत.

आत्या, मला भीती वाटते ती बर्फाची. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की विषारी वायू गाडीतच भरतो आणि त्याला वास नसतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबांनी मला ते तीस वेळा बजावलंय. मग हा माणूस स्वतः असं कसं करतो? तुझे पाय धरते, त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घे.

होम थिएटरचं म्हणशील तर मी तीन रात्री वाचत बसले आणि शेवटी एक लांब पट्टीसारखा स्पीकर मागवला. टीव्हीपुढे ठेवायचा, बस्स. वायरी नाहीत, मागे काही लावायचं नाही. तो आवाज भिंतींवर आपटवून चारही बाजूंनी आल्यासारखं करतो. म्हाताऱ्या माणसांना संवाद स्पष्ट ऐकू येतात, असं घेणाऱ्यांनी लिहिलंय. शुक्रवारपर्यंत पोहोचेल.

एवढं करूनही बाबा घरात बसले नाहीत तर मी त्यांना इकडे घेऊन येईन. लेकीची खोली रिकामी करून ठेवते. ते यायचे नाहीत, मला माहीत आहे. गुडघ्याला जप, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
सावाको

तोकामाची, १८ नोव्हेंबर

चि. सावाकोस आशीर्वाद.

तुझी पट्टी आली. हायात्सुने येऊन लावून दिली. आवाज पुढून निघाला आणि पुढेच राहिला. हायात्सु डोकं खाजवत म्हणाला, आवाज परतवायला भिंत लागते. इथे आहेत कागदी सरकदारं आणि खाली गवताच्या चटया, त्या सगळा आवाज गिळून टाकतात. दादाने पट्टी खोक्यात घातली, खोक्याला सुतळी बांधली आणि तो गाडीत जाऊन बसला.

किल्ली मी काढून घेतली. खरं सांगते, तो आंघोळीला गेला तेव्हा चोरली. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी माझ्या दारात आला, चपला न काढता उंबऱ्यावर बसला आणि एकदम बोलायला लागला.

म्हणाला, चव्वेचाळीस वर्षं मी टीव्हीपुढे बसलो आणि मिचिए एकदाही माझ्या शेजारी बसली नाही. ती मागे, स्वयंपाकघरात. भांडी घासायची, मुळा चिरायचा, आणि तिथूनच सिनेमातल्या माणसांना नावं ठेवायची. आता मागे काही नाही, तोमिए. टीव्ही लावला की माझी मान गार पडते. गाडीत बरं वाटतं, तिथे रेडिओ मागच्या स्पीकरमधून वाजतो.

सावाको, मला माझीच लाज वाटली. सहा महिने मी त्याला हेकट म्हणत होते. मी त्याला किल्ली परत दिली. इंजिन बंद ठेवून बसेन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तू चिडशील, चीड. पण तू त्या वेळी त्याचं तोंड पाहिलं नाहीस.

खरोखरचे पाच स्पीकर असलेला संच निवड. पैशाचं मी बघतो, असं दादा म्हणतो.

तोमिए आत्या

नागोया, २५ नोव्हेंबर

ती. आत्यास नमस्कार.

चिडले नाही. खूप रडले. आई गेल्यापासून मी बाबांना फोनवर जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच विचारत आलेय.

संच निवडला. हायात्सुशी बोलून निवडला, तो पोरगा हुशार आहे. पुढे तीन, मागे दोन आणि एक घुमणारा खोका. मी म्हटलं खोका नको, त्याच्या हादऱ्याने छपरावरचा बर्फ खाली यायचा. तर तो गंभीरपणे म्हणाला, नाही येत, मी मोजून बघितलंय. मागच्या दोघांना वायर लागत नाही. मी उंच स्टँड घेत होते, त्यानेच अडवलं. आजोबा जमिनीवर बसतात, स्पीकर त्यांच्या कानाच्या उंचीला हवेत. मी आमच्या सोफ्याचा हिशोब धरून बसले होते.

माल यायला २० डिसेंबर उजाडेल. तोवर सांभाळ. आणि आत्या, कबुलीवर विसंबू नकोस. हीटर बंद करून थंडीत बसणारा माणूस आपल्या घराण्यात जन्मलेला नाही.

सावाको

तोकामाची, १४ डिसेंबर

चि. सावाको,

फोनवर दादा दवाखान्यात आहे एवढंच सांगता आलं, म्हणून आता नीट लिहिते. दादा शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात, ऑक्सिजन अजून दोन दिवस लावावा लागेल, मग घरी सोडतील. मला ओळखतो. मी विचारलं कसं वाटतं, तर म्हणाला, तुझी बडबड ऐकू येते म्हणजे जिवंत असेन.

दहा तारखेला दुपारपासून बर्फ पडू लागला होता. चार तासांत कंबरभर. मी दोनदा खिडकीतून बघितलं, मला वाटलं दादा घरात आहे, कारण गाडी दिसतच नव्हती. गाडी होती तिथेच, छपरावरून घसरलेल्या बर्फाखाली. रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्राच्या चालकाला ढिगाऱ्यातून लाल दिवा दिसला म्हणून तो उतरला. इंजिन चालू होतं. त्याने फावड्याने दार मोकळं केलं, तेव्हा दादा मान टाकून पडला होता. रेडिओ वाजत होता.

किल्ली मी दिली होती. तू मला कितीही समजावलंस तरी ते मीच केलं. तू येतेस ते बरं करतेस, पण रस्ते उघडल्याशिवाय निघू नकोस.

तोमिए

तोकामाची, २३ डिसेंबर

चि. सावाकोस आशीर्वाद.

तू चार दिवस बापाकडे राहून गेलीस. तू मला नागोयाला चल म्हणालीस, त्याचं उत्तर आता देतो. येणार नाही. पण गाडीतही बसणार नाही. गाडी हायात्सुच्या बापाकडे ठेवली आहे. तोमिएला सांग, चूक माझी होती. मी सांगितलं तर भांडते.

परवा हायात्सुने तुझा संच लावला. मागचे दोन त्याने माझ्या कानाच्या उंचीला ठेवले, दर वेळी जमिनीवर आडवा होऊन मापलं. संध्याकाळी मी एकटाच लावून बसलो. सिनेमा कसला होता आठवत नाही. एका खानावळीत मागे कुणाच्या तरी हातून ताटली पडली. मी वळून पाहिलं.

गाडीत वळायला जागा नव्हती, सीटच्या मागे फावडी आणि दोर कोंबलेले होते. इथे वळलो. स्वयंपाकघर पुसून स्वच्छ होतं, मोरी कोरडी होती, तुझी आई नव्हती. मे महिन्यापासून मी तिकडे पाणी प्यायला जातो, पण खाली मान घालून. त्या दिवशी पाहिलं. मग बराच वेळ रडत बसलो. सिनेमा आपला चालू होता.

मागचे दोन बंद केले आणि उरलेला सिनेमा पुढच्यांवर पाहिला. संच चांगला आहे. परत पाठवू नकोस.

नव्या वर्षाला ये, जावयाला आणि नातीलाही आण. तोमिए तांदूळ कुटून मोचीचे गोळे करणार आहे. फक्त नेहमीसारखी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरू नकोस. पुढून ये, आणि अंगणातूनच हाक मार. अजून काही दिवस मागून कुणी आलेलं मला सोसायचं नाही.

तुझे,
बाबा