समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत

बाई,

आज दुपारी प्राचार्यांच्या खोलीत एका मुलीचं वर्ष माझ्या हातून जवळजवळ बुडालं, आणि तेही तुमची पद्धत वापरल्यामुळे. घरी आले, चहा टाकला, तो आटून तळाला गेला तरी मी गॅससमोर उभीच. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण हजारदा आली असेल, राग मात्र आज पहिल्यांदा आला. म्हणून लिहायला बसले आहे. आधी त्या मुलीचं सांगते, मग तुमचं.

ती तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, यवतमाळकडची. धायरीत तिघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि बसनं कॉलेजला येते. एका विषयात जरी अडकली तरी शिष्यवृत्ती जाणार, आणि ती गेली की घरचे परत बोलावून घेणार, हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. वर्गात ती सहसा तोंड उघडत नाही. उघडलं की ‘मले’, ‘तुमाले’ निघतं आणि मागच्या बाकावरची पुणेरी मंडळी एकमेकांकडे बघतात. लिहिते मात्र अशी की मी तपासायचं विसरून वाचतच बसते. या सत्रात तिनं निबंध लिहिला तो ज्ञानावर. एखादी गोष्ट खरी आहे, आपल्याला पटलेली आहे, पटायला कारणही आहे. तरी ती आपल्याला माहीत आहे असं म्हणता येईल का? प्रश्न जुनाच. जहाजाच्या सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहतं का, माणूस खरोखर स्वतंत्र आहे का, यांच्या बरोबरीनं तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी न सुटता जातो.

आमचा विभाग म्हणजे आता मी, एक तरुण सहकारी आणि एक कपाट. हे सहकारी वाईट नाहीत, बाई. तयारी करून वर्गावर जातात, मुलांसाठी थांबतात. त्यांनी तो निबंध संगणकातल्या तपासनीसाला दिला आणि त्यानं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाल करून परत दिला. लाल म्हणजे माणसानं लिहिलेला नाही, यंत्राकडून लिहून घेतलेला. त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. मला म्हणाले, “मॅडम, ती बोलते कशी आणि लिहिते कशी, तुम्हीच बघा ना.” मी म्हणाले, “बोलण्यावर जाऊ नका.” माझा आवाज गरजेपेक्षा बराच वर गेला असावा, कारण ते दचकले. त्यांना कुठून माहीत असणार की मी लोणी काळभोरची आहे. आता माझं बोलणं ऐकून कुणाला कळत नाही, आणि याचा मला अभिमान वाटतो की लाज, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का? तुम्ही हाच प्रश्न फळ्यावर लिहिता आणि वर्गाला उदाहरण मागता. कशी कोण जाणे, मी उठते. “माझे चुलते रोज मार्केट यार्डात माल घेऊन येतात. मी गेटातनं बघितलं, लांब त्यांचा फेटा दिसला, मी म्हटलं चुलते हाय. जवळ गेले तर तो भलताच माणूस. पण चुलते खरंच तिथं होते, पलीकडं, गाडीच्या मागं. मग चुलते यार्डात हायेत हे मला माहीत होतं का?” ‘हाय’वर पहिलं हसू फुटलं होतं, ‘हायेत’वर अख्खा वर्ग. मी मटकन खाली बसले. तुम्ही खडू ठेवलात आणि म्हणालात, “हसून झालं असेल तर उत्तर द्या. तिला माहीत होतं की नव्हतं?” मग माझ्याकडे वळून म्हणालात, “तू कशाला बसलीस? उभी राहा, यांना अजून प्रश्नच कळलेला नाही.” तुमचं ते कोरडं बोलणं मला तेव्हा पुरणपोळीसारखं लागलं होतं.

मग रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात येणं सुरू झालं. तिथे बसायला दोनच स्टुलं. एक धड, दुसऱ्याचा एक पाय आखूड. वाद घालायचा तर आधी डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसायचं आणि समोरच्याची बाजू मांडायची, पूर्वपक्ष. तीही नुसती नव्हे, समोरचा “हो, हेच माझं म्हणणं” म्हणेपर्यंत. तो म्हणाला की मगच धड स्टुलावर येऊन आपलं उत्तर द्यायचं. तुम्ही भेंडी चिरताय, सुरीवरची नजर न काढता मला सांगताय, “त्याची बाजू इतकी पांगळी करून मांडलीस तर मारायला सोपं जाईल, पण मग तू कुणाला मारलंस?” कितीतरी रविवार मी त्या डुगडुगत्या स्टुलावरून उठूच शकले नाही. निवृत्त झालात तेव्हा ते स्टूल तुम्ही मला दिलंत. म्हणालात, धड कुणीही देईल. विभागातल्या कपाटाशेजारी ते अजून आहे.

तर आज. टेबलापलीकडे प्राचार्य, बाजूला टिपणं घ्यायला अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, अलीकडे सहकारी, मी आणि ती. तिनं ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. सहकाऱ्यांनी तो लाल कागद पुढे सरकवला. प्राचार्य घड्याळ बघत म्हणाले, “काय गं, तू लिहिलंस का हे?” ती “हाव सर,” म्हणाली. अर्थशास्त्राचे सर गालातल्या गालात हसले. ते हसू मी ओळखते. माझा तोल तिथेच गेला. मी म्हणाले, सर, असं विचारून काही निघणार नाही. आमच्या विषयाची एक रीत आहे. दोघांनी एकमेकांची बाजू मांडावी, समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. जिनं निबंध लिहिला नसेल तिला ते जमायचं नाही. सहकाऱ्यांनी खांदे उडवले. प्राचार्य म्हणाले, “लवकर आटपा.”

ती उभी राहिली. मग भिंतीकडे बघत बोलायला लागली. “सरांचं म्हणणं असं आहे का, ज्या पोरीले वर्गात दोन वाक्यं धड बोलता येत नाही, तिचं लिहिणं येवढं साफ कसं? शिष्यवृत्ती जायची भीती होती, म्हणजे तिले कारण होतं. हातात फोन होता, म्हणजे सोय होती. लिहितानी कोणी पाहिलं नाही. आता सरांनी करावं काय? सोडून द्यावं, तं ज्या पोराईनं डोकं खपवून स्वतः लिहिलं त्यांच्यावर अन्याय. सरांचा राग माह्यावर नाही, त्यांची काळजी त्या पोराईची आहे.” मग सहकाऱ्यांकडे वळून म्हणाली, “हेच ना सर?” ते तिच्याकडे बघतच राहिले होते. म्हणाले, “हो. हेच.” तक्रारीत ती शेवटची गोष्ट नव्हतीच, बाई. त्यांचं सगळ्यात चांगलं कारण त्यांना तिनं शोधून दिलं होतं.

आणि प्राचार्य खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “म्हणजे कबूलच केलं की हिनं. कारण होतं म्हणते, सोय होती म्हणते. घ्या लिहून आणि मोकळे होऊ.” अर्थशास्त्राचे सर लिहायलाही लागले. मी म्हणाले, “अहो सर, ही कबुली नाही, हा पूर्वपक्ष आहे.” “मॅडम, मी माझ्या कानांनी ऐकलं.” मी समजावायला गेले तर तोंडातून नुसते अर्धेमुर्धे शब्द. तुमच्या स्वयंपाकघराबाहेर या रीतीला काही अर्थच उरत नाही, समोरच्याची बाजू नीट मांडणारा माणूस जगात गुन्हेगार ठरतो, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. ‘आता?’ एवढंच त्या नजरेत होतं. सुचवलं मीच होतं. माझ्या सांगण्यावरून ती त्या डुगडुगत्या स्टुलावर बसली होती.

बोलले ते सहकारी. “सर, ते खोडा. ती कबुली नाही, ती माझी बाजू होती.” आणि म्हणाले, “माझ्यापेक्षा चांगली मांडली तिनं. आता माझी पाळी.” प्राचार्यांनी कपाळावर आठ्या चढवल्या, पण तक्रारदारच असं म्हणतोय म्हटल्यावर करतात काय. सहकारी तिच्याकडे वळले. “तुझं म्हणणं, की ते यंत्र चुकू शकतं.” ती म्हणाली, “नाही सर, हे माह्यं म्हणणं नाही.” “तुझं म्हणणं, की यंत्र बरोबर असलं तरी त्याला ‘माहीत’ आहे असं म्हणता येत नाही. निबंधात लिहिलंयस तसं.” “ते निबंधातलं झालं सर.” सहकाऱ्यांचा चेहरा उतरला होता. टेबलाकडे बघत ते हळू म्हणाले, “तुझं म्हणणं... की तुझं बोलणं ऐकून मी आधीच ठरवलं होतं. कागद नंतर आला.” ती म्हणाली, “हाव सर. हेच.” या वेळी कुणी हसलं नाही.

त्यांनी तक्रार मागे घेतली. निबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जाईल, गुण ते देतील. प्राचार्यांनी पुढची फाईल ओढली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत धावत गेले, शाबासकी द्यायला. तिनं ती घेतली नाही. “मॅडम, सगळ्याईनं विचारलं, तू लिहिलं का म्हणून. तुम्ही एकदाही नाही विचारलं मले.” मी म्हणाले, “मला गरज वाटली नाही गं. माझा विश्वास होता.” ती “बरं,” म्हणाली आणि बस पकडायला गेली.

मी खोटं बोलले, बाई. मी विचारलं नाही, कारण मला भीती वाटत होती. ती ‘नाही’ म्हणाली असती तर? मला ती हवी होती ती हसणाऱ्यांना दाखवायला. तिनंच लिहिलं असेल अशी माझी खात्री आहे, म्हणजे मी लांबून फेटा बघितला आहे, एवढंच. आणि गॅससमोर उभं असताना मला एकदम कॉलेजातली तुमची खोली दिसली. माझ्या पहिल्या निबंधावर विभागातले एक सर म्हणाले होते, “लोणीच्या मुलीची ही भाषा? कुणाकडून तरी लिहून आणलंय.” तुम्ही म्हणालात, “तिनंच लिहिलंय. मी सांगते ना.” मी दाराबाहेर वही छातीशी धरून उभी होते. त्या एका वाक्यावर मी आजवर जगले. माझ्या प्रत्येक वर्गाला ते अभिमानानं सांगत आले. पण तुम्हाला ते माहीत होतं का? की तुम्हीही घाबरून विचारलं नाहीत? त्यानंतर इतके रविवार मी तुमच्यासमोर बसले, तुम्ही मला जगातलं सगळं विचारलंत, एवढं एक सोडून. मी वाट बघत होते, हेसुद्धा मला आज तिच्यामुळे कळलं.

सोमवारी तिला विभागात बोलावणार आहे. ती धड खुर्चीवर बसेल, मी तुमच्या डुगडुगत्या स्टुलावर, आणि मी विचारीन. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही त्यातल्या चुका काढल्या असत्या आणि मूळ मुद्दा टाळला असता. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगायचं राहून गेलं, ते तेवढं इथे लिहून ठेवते. तो निबंध मीच लिहिला होता, बाई.