चि. निरंक याच्या मृत्यूस माझी संमती नसल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (आस्थापना),
विभागीय परिचर्या आस्थापना कार्यालय,
धुळे.

अर्जदार : नूतन रुपचंद भदाणे, अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, आंबेझिरे, ता. साक्री, जि. धुळे.

विषय : एम.एस्सी. नर्सिंग (बालआरोग्य परिचर्या) या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी कार्यमुक्त करणेबाबत; तसेच माझे कधीही न जन्मलेले अपत्य चि. निरंक यास मृत न दाखविणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ८ सप्टेंबर २०२५.
२) आपल्या कार्यालयाची चार पत्रे व त्यावरील माझे चार खुलासे.
३) आपल्या कार्यालयाचे सांत्वनपर पत्र, दि. १७ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. मी वरील रुग्णालयात सहा वर्षांपासून कार्यरत आहे. वय २९, अविवाहित. लहान मुलांच्या परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठीची प्रवेश परीक्षा मी यंदा तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले असून जळगाव येथील महाविद्यालयात मला जागा मिळाली आहे. कार्यमुक्तीचा आदेश दि. २८ नोव्हेंबर रोजी सायंकाळी पाचपर्यंत तेथे सादर करायचा आहे, अन्यथा जागा यादीतील पुढच्या उमेदवारास जाईल. आज २१ तारीख. मध्ये एक शनिवार व एक रविवार येतो, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

२. दि. ८ सप्टेंबर रोजी मी दोन वर्षांच्या अध्ययन रजेसाठी ऑनलाइन अर्ज भरण्यास बसले. रजेच्या कारणात 'बालआरोग्य' लिहावे म्हणून 'बाल' एवढी दोन अक्षरे उमटवताच संगणकाने पुढचे आपल्या मनाने भरून 'बालसंगोपन रजा' असे केले व मागे फिरू दिले नाही. पुढच्या पानावर 'अपत्याचे नाव' असे तीन रकाने होते. रकाना रिकामा सोडल्यास अर्ज बाद होईल, अशी खाली तांबडी सूचना होती. म्हणून मी तिन्ही रकान्यांत 'निरंक' असे लिहिले.

३. निरंक म्हणजे काहीही नाही, हे आम्हांस आपल्याच कार्यालयाने शिकवले आहे. दरमहा पाच तारखेला आम्ही अहवाल पाठवतो, त्यात सर्पदंश निरंक, श्वानदंश निरंक, औषधसाठा (बहुधा) निरंक, असे लिहितो. तेव्हा हा शब्द आपल्या कार्यालयास नवीन असेल अशी शंका मला स्वप्नातही आली नाही. ती माझी चूक झाली.

४. दि. २२ सप्टेंबरच्या पत्राने मला कारणे दाखवा नोटीस आली. तीत दोन मुद्दे होते. (अ) दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्याने लहान कुटुंबाच्या नियमाचा भंग झाला आहे, तरी आपणांवर कारवाई का करू नये? (ब) तिन्ही अपत्यांना एकच नाव ठेवण्यामागील प्रयोजन काय? मी खुलासा केला की मला अपत्य नाही. त्यावर 'आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ तिन्ही अपत्यांचे जन्मदाखले जोडावेत' असे दुसरे पत्र आले.

५. मी स्वतः धुळ्यास येऊन आस्थापना शाखेचे वरिष्ठ लिपिक श्री. योगेंद्र बेडसे यांना भेटले. श्री. बेडसे हे वाईट गृहस्थ नाहीत, हे मी येथे मुद्दाम नमूद करते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, माझे सर्व ऐकून घेतले आणि तिघांपैकी दोन निरंक लाल शाईने खोडले. तिसरा खोडता येत नव्हता, कारण बालसंगोपन रजेच्या नस्तीत किमान एक बालक लागते. "एकाला नियमाची अडचण नाही, सिस्टर," असे ते म्हणाले, आणि नाव आधुनिक असल्याबद्दल त्यांनी माझे कौतुकही केले.

६. या सुमारास नरडाण्याच्या एका कुटुंबाशी माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलगा तेथल्या कारखान्यात नोकरीस आहे. रीतीप्रमाणे त्या मंडळींनी ओळखीतून आपल्या कार्यालयात चौकशी केली. आपल्या कार्यालयाने तत्परतेने खरी माहिती पुरवली. अशी तत्परता अन्य कोणत्याही बाबतीत मी अनुभवलेली नाही. त्या मंडळींनी निरोप पाठवला की, एक असते तर विचार केला असता, पण रेकॉर्डला खोडलेले धरून तीन दिसतात.

७. हा निरोप चोपड्यास माझी आई श्रीमती सुंदरबाई हिच्याकडे गेला. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने डिंकाचे लाडू व हाताने शिवलेले एक झबले घेऊन आंबेझिऱ्यास आली आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात, बाह्यरुग्ण विभागाच्या पूर्ण रांगेसमोर म्हणाली, "तीन पोरं व्हयनात, नि माले एक फोन बी नही? बठ्ठा जिल्हाले माहीत शे, मालेच माहीत नही!" तिला वस्तुस्थिती समजावून देण्यात माझी दुपार गेली. समजल्यावर ती रागावेल असे वाटले होते, पण ती हिरमुसली. जाताना लाडू परत नेले, झबले मात्र ठेवून गेली. मला त्या वेळी फार वाईट वाटले, आणि कशाचे ते नीट सांगता येत नाही.

८. यानंतर चि. निरंक याचे नाव संगणकामार्फत आमच्याच रुग्णालयाच्या लसीकरणाच्या थकीत यादीत आले. आमच्या आशाताई श्रीमती दिपमाला या माझ्या निवासस्थानी आल्या. बाळ नाही, हे त्या जाणून आहेत, परंतु त्यांच्या नमुन्यात 'बाळ गावी गेले' किंवा 'पालकांचा नकार' यांपैकी एकावर खूण करावी लागते. गावी गेले म्हटले तर कोणत्या गावी ते लिहावे लागते, म्हणून आम्ही दोघींनी विचारविनिमय करून नकारावर खूण केली. नकार देणाऱ्या पालकांना लेखी नोटीस देऊन त्यांचे समुपदेशन करणे हे माझे काम असल्याने मी मला नोटीस दिली, मिळाल्याची सही केली व अर्धा तास समुपदेशन केले. पालक समजूतदार आहेत. लस देण्यास त्यांची हरकत नाही, फक्त कोणाला द्यायची एवढाच प्रश्न आहे.

९. दि. १४ ऑक्टोबर रोजी आपल्या कार्यालयाचे एक पथक स्थळपाहणीसाठी माझ्या निवासस्थानी आले. मी ड्यूटीवर होते. खाटेवर माझी सरावाची बाहुली होती. नर्सिंगच्या शिक्षणात वापरतात तशी ती रबराची, हुबेहूब तान्ह्या बाळाएवढी आहे. ती मी स्वतःच्या पगारातून घेतलेली आहे व धूळ बसू नये म्हणून तिला आईचे झबले घातले होते. पथकाने पंचनामा केला तो असा : 'बालक शांत आहे. रडत नाही. डोळे उघडे आहेत. पाहुण्यांना घाबरत नाही. मात्र दोन्ही हातांवर व डोक्यावर सुया टोचल्याच्या असंख्य खुणा दिसतात. आईकडून खुलासा घ्यावा.'

१०. हा खुलासा मी आजवर दिला नव्हता. तो आता देते.

तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात पाड्यावरचे शेतकरी श्री. वना व त्यांची पत्नी सौ. ज्योती हे दीड महिन्याच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. दोन दिवसांचे जुलाब होते. बाळ सुकून गेले होते. अशा बाळाच्या शिरा आत ओढल्या जातात. डॉक्टर शेजारच्या खोलीत बाळंतपणात अडकले होते. मी सगळ्यांत बारीक, पिवळी सुई घेतली. हातावर चार वेळा, पायावर दोन वेळा, डोक्यावर एकदा, असे सात वेळा टोचले. श्री. वना दाराशी उभे राहून दर खेपेस एकच विचारत होते, "सिस्टर, शीर सापडनी का?" ती सापडली नाही. डॉक्टर मोकळे होताच आम्ही बाळाला घेऊन धुळ्यास निघालो. मी गाडीत होते. वाटेतले नेर गाव ओलांडल्यावर बाळ गेले.

शीर मिळत नसेल तर नडगीच्या हाडातून सलाईन देता येते, हे मी त्यानंतर तीन महिन्यांनी प्रवेश परीक्षेच्या पुस्तकात वाचले. ते पान मी दुमडून ठेवले आहे. बाहुलीच्या अंगावरच्या खुणा माझ्याच आहेत. मी रोज ड्यूटीनंतर सराव करते. परंतु रबराला शीर नसते, व हे शिकवणारे माणूस आमच्याकडे नाही. म्हणून मला जळगावास जायचे आहे. पगारवाढीसाठी नाही, पदोन्नतीसाठी नाही, धुळ्यात बदली मिळावी म्हणूनही नाही.

११. दि. २८ ऑक्टोबर रोजी माझी बालसंगोपन रजा १८० दिवसांसाठी मंजूर झाली. मी मागितलेली नसताना, व मी रोज ड्यूटीवर येत असताना. सदर रजेत कर्मचाऱ्याने बालकासोबत राहावे व कोणतेही शिक्षण घेऊ नये, अशी अट आहे. एक रजा चालू असताना दुसरी देता येत नाही, म्हणून अध्ययन रजा नाकारण्यात आली. म्हणजे लहान मुलांना वाचवण्याचे शिक्षण मी घेऊ शकत नाही, कारण मला एक नसलेले मूल सांभाळायचे आहे.

१२. दि. ५ नोव्हेंबर रोजी मी आमच्या रुग्णालयाचा ऑक्टोबरचा मासिक अहवाल नेहमीप्रमाणे पाठवला. त्यात अनुक्रमांक ९ वर 'बालमृत्यू : निरंक' असे लिहिलेले होते. साहेब, वर्षभरात माझ्या हातून लिहिल्या जाणाऱ्या सर्व शब्दांत हा मला सर्वांत आवडतो. तो लिहिता आला की महिना चांगला गेला असे मी समजते. दि. १७ नोव्हेंबर रोजी आपल्या कार्यालयाचे पत्र आले : 'आपल्या अहवालावरून चि. निरंक याचे ऑक्टोबर महिन्यात निधन झाल्याचे समजले. कार्यालय आपल्या दुःखात सहभागी आहे. मृत्यूचा दाखला तात्काळ सादर करावा, म्हणजे बालसंगोपन रजा संपुष्टात आणून अध्ययन रजेचा विचार करता येईल.'

१३. काल श्री. बेडसे स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने आंबेझिऱ्यास आले. मृत्यू नोंदणीचा नमुना त्यांनी भरूनच आणला होता. फक्त आईच्या सहीची जागा मोकळी होती. कार्यमुक्तीचा आदेशही टंकलिखित करून आणला होता व तो मला लांबून दाखवला. "एक सही करा सिस्टर, सगळे सुटतील," ते म्हणाले. "तुम्ही सुटाल, मी सुटेन, बाळही सुटेल. नाहीतरी ते आहे कुठे?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते. मी पेन हातात घेतले.

१४. नमुन्यात पहिलाच रकाना 'मयताचे नाव' असा होता व त्यापुढे श्री. बेडसे यांच्या सुंदर अक्षरात 'निरंक' असे लिहिले होते.

महोदय, असा नमुना मी या आधी एकदा भरलेला आहे. सौ. ज्योती यांच्या मुलीचा. नाव विचारले तेव्हा श्री. वना म्हणाले होते, "नाव आजून ठेयेल नही, ताई." रकाना रिकामा सोडता येत नव्हता. तेव्हा मी माझ्या हाताने तेथे हाच शब्द लिहिला होता. मयताचे नाव : निरंक.

मी पेन खाली ठेवले. श्री. बेडसे यांना कारण सांगता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे. एक निरंक माझ्या हातून गेली आहे. दुसऱ्याच्या जाण्यावर मी सही करणार नाही, मग तो केवळ आपल्या संगणकात का असेना.

१५. सबब, माझी विनंती खालीलप्रमाणे आहे.

(अ) चि. निरंक जन्मलाच नाही, असे मान्य करून मला दि. २८ पूर्वी कार्यमुक्त करावे.

(आ) तसे मान्य करण्यास सक्षम अधिकारी उपलब्ध नसल्यास, माझे शिक्षण पूर्ण होईपर्यंत दोन वर्षांसाठी चि. निरंक यास आपल्या कार्यालयाने आपल्या ताब्यात घ्यावे. तो खात नाही, रडत नाही, जागा अडवत नाही, आणि नस्तीत त्याला सवय झालेली आहे. श्री. बेडसे यांनी त्याच्यासाठी यापूर्वीही पुष्कळ केले आहे. मी परत येताच त्याला रीतसर ताब्यात घेईन, असे हमीपत्र सोबत जोडले आहे.

(इ) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास माझी जागा गेली तरी चालेल. पुढच्या वर्षी चौथ्यांदा परीक्षा देईन. परंतु त्या नमुन्यावर माझी सही मागू नये.

पाड्यावर दोन महिन्यांपूर्वी सौ. ज्योती यांना पुन्हा मुलगी झाली. बाराव्या दिवशीच त्यांनी तिचे नाव ठेवले व ते नोंदवून घेण्यासाठी श्री. वना त्याच दिवशी चालत रुग्णालयात आले. या बाळाला काही झाले आणि त्याला दवाखान्यात आणले, तर ते माझ्याच पाळीत येण्याची शक्यता आहे. आदेश देताना एवढे ध्यानात असावे.

आपल्या आदेशाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
नूतन रुपचंद भदाणे
अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, आंबेझिरे
एकूण अपत्ये : एकही नाही (यापुढे 'निरंक' न लिहिता मी असेच लिहीन)

दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) प्रवेशपत्राची प्रत.
२) चि. निरंक यास दोन वर्षांनी परत नेण्याचे हमीपत्र.
३) मी मला दिलेली लसीकरणाची नोटीस, पोचसह.
४) झबले, एक नग, चोपड्याहून आलेले. बालक कार्यालयाच्या ताब्यात घेतल्यास त्यास घालावे. न घेतल्यास कृपया परत करावे, वना यांच्या मुलीला होईल.
५) मृत्यू नोंदणीचा नमुना. सही न करता परत.