हिरव्या डब्यातला पाव

रवि. २ नोव्हेंबर

एस्टोनियाची पोर आली. आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या, इथल्या डच शाळेतल्या वर्गात तिकडच्या एका शाळेची मुलं आठवडाभर पाहुणी आहेत. आमच्या वाट्याला लीस. मुक्ताएवढीच, बारा वर्षांची. दारातच बूट काढले आणि पिशवीतून घरात घालायच्या सपाता काढल्या. त्यांच्या शाळेतही म्हणे बूट बाहेर, वर्गात सपाता. मी तिला तिथेच पास केली. मुक्ताला म्हटलं, बघ. तिने डोळे फिरवले.

भेट म्हणून तिच्या आजीने घरी भाजलेला, राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणलाय. लिननच्या फडक्यात गुंडाळलेला, विटेएवढा आणि विटेसारखाच जड. दोन्ही हातांनी दिला.

जेवताना माझं नेहमीचं भाषण दिलं, खास इंग्रजीत. आमच्या घरी ताटात काही टाकत नाहीत, अन्न म्हणजे देव वगैरे. मुक्ताकडून जेवणाआधीचा श्लोक म्हणवून घेतला. पोरीने इतकं मनावर घेतलं की आमटीतला कढीपत्ता न् आमसूलसुद्धा चावून खाल्लं. माझा नवरा अमित टेबलाखालून मला पाय मारत होता. ते बाजूला काढायचं असतं हे मी सांगितलं नाही. भाषणाचा विचका झाला असता.

मंगळ. ४ नोव्हेंबर

घरभर पिवळ्या चिठ्ठ्या. लीसने प्रत्येक वस्तूवर तिच्या भाषेतला शब्द लिहिलाय, खाली डच, त्याखाली मराठी. मराठी मुक्ताने लिहिलं! मी दोन वर्षं मागे लागून जे झालं नाही ते या पोरीने दोन दिवसांत केलं. ब्रेडच्या डब्यावर: लेइब, ब्रोट, पाव.

शाळेच्या गप्पा. शाळा सुरू होते त्या दिवशी सगळी मुलं बाईंसाठी फुलं नेतात. विणकाम शिकतात, मुलगेही. दुपारचं गरम जेवण शाळेतच. रोज चीजचं सँडविच खाणारी आमची कन्या आ वासून ऐकत होती. आणखी एक: कुणी जेवताना दिसलं की म्हणायचं, ‘यॅत्कु लेइवाले’. म्हणजे तुमची भाकरी पुरून उरो. मला फार आवडलं. आम्ही तिघी संध्याकाळभर एकमेकींना तेच म्हणत होतो.

तो पाव मात्र... काल एक काप खाल्ला. आंबट ढॅण. अमित म्हणाला, ओट्याच्या फडक्यासारखा वास येतोय.

बुध. ५ नोव्हेंबर

पाव टाकला.

चांगला अर्ध्याहून जास्त होता. घरून काम, सकाळपासून कॉल्स, डोकं उठलेलं, आणि डबा उघडला की तो वास. खराबच झाला असणार म्हटलं. खरं तर बुरशी नव्हती काही. मागच्या अंगणातल्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात, बटाट्याच्या सालींवर. फडकं मशीनला लावलं.

बुधवारी शाळा साडेबाराला सुटते हे डोक्यातच नाही. मुक्ता मागच्या दाराने सायकल घेऊन आली तेव्हा डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. तिने आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. लीस मागे गल्लीत सायकलला कुलूप लावत होती. मी मुक्ताला हळूच म्हटलं, “तिला सांगू नकोस.”

एवढ्यावर थांबायला हवं होतं. संध्याकाळी लीसने विचारलं, पाव कुठेय? आणि मी, सहज, हसत: “संपला! इतका छान होता, आम्ही सगळा खाल्ला.” पोरीचा चेहरा फुलला. लगेच आजीला मेसेज.

मुक्ता पाण्याचा ग्लास घेऊन वर गेली. जेवताना श्लोक म्हणाली नाही. मीही म्हण म्हटलं नाही.

शुक्र. ७ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

शाळेत कार्यक्रम. पालक सगळे खाली बाकांवर, अमितही झुइडासच्या ऑफिसातून वेळेत आलेला. एस्टोनियाची मुलं आधी गायली, काय सुरेल! मग हातमोजे दाखवले, गावागणिक वेगळी नक्षी. मग लीस उभी राहिली, हातात पावाचा तुकडा. म्हणाली, आमच्याकडे पाव जमिनीवर पडला तर उचलून त्याचं चुंबन घेतात. आजी सांगते, पावाचा अपमान केला की तो घर सोडून जातो. तिने तुकडा मुद्दाम पाडला, उचलला, ओठांना लावला. पोरं हसली नाहीत, एकही नाही.

मग म्हणाली, “मुक्ताच्या घरी पण असंच आहे. तिची आई सांगते अन्न देव असतं. माझ्या आजीचा अख्खा पाव त्यांनी तीन दिवसांत संपवला.”

टाळ्या. वर्गाच्या युफ, इथे बाईंना तसंच म्हणतात, माझ्याकडे वळून हात छातीवर ठेवून हसल्या. शेजारची डच आई म्हणाली, किती सुंदर. मीही हसले. हसले! वर मानही लववली.

मुक्ता लीसच्या शेजारीच उभी होती, पुढचं तिला बोलायचं होतं. ती कागद हातात धरून माझ्याकडेच बघत राहिली. मग वाचलं, फार हळू. युफ म्हणाल्या लाजली बिचारी.

लाज वाटली तिला, पण स्वतःची नाही.

शनि. ८ नोव्हेंबर

लीस गेली. निघताना मला मिठी. फडकं इस्त्री करून परत दिलं तर म्हणाली, ते तुमच्यासाठीच आहे.

स्टेशनवरून परतताना मुक्ता पुढे, मी मागे, सायकलवर. घराशी आल्यावर डचमध्ये म्हणाली, “गप्प राहून मी पण खोटं बोलले ना आता.” ती चिडली की डचवर जाते. मी सायकलला कुलूप लावत राहिले.

अमितला सांगितलं. “अगं पाव तो! सोड.” त्याचं बरं असतं.

मंगळ. ११ नोव्हेंबर

रात्रीच्या जेवणात मुक्ताने अर्धी पोळी ताटात ठेवली. उठली. पोळी घेतली, मागचं दार उघडलं, हिरव्या डब्याचं झाकण वाजलं. परत आली, माझ्याकडे बघत हात धुतले.

एरवी मी केवढं घर डोक्यावर घेतलं असतं. काय बोलणार? कुठल्या तोंडाने?

बुध. १२ नोव्हेंबर

सकाळी कचरा टाकायला गेले. ब्रेडच्या डब्यावरची पिवळी चिठ्ठी आता हिरव्या डब्यावर. लेइब, ब्रोट, पाव. वरून चिकटपट्टी, पावसात निघू नये म्हणून.

काढली नाही. पायरीवर बसून रडले थोडी. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक? हो म्हटलं. खोटं बोलायची सवय होतेय.

शनि. १५ नोव्हेंबर

आईचा फोन, पुण्याहून. राहवेना, पण स्वतःचं म्हणून सांगायचं धैर्यही होईना. म्हटलं, इथल्या एकीने असं असं केलं.

आई: “पाहुण्या पोरीचं? आजीच्या हातचं? टाकलं?”

“हो.”

“कोण गं ही? आपल्यातली?”

“हो, मराठी आहे.”

“मग घरी काही शिकवलं नसेल तिला.”

ही तीच आई जी जमिनीवर पडलेलं शीत उचलून डोळ्याला लावते. शिळ्या पोळीचा कुस्करा आम्हाला दिवाळीचा फराळ असल्यासारखा वाढायची. शिकवलं गं, आई. सगळं शिकवलं होतंस. फोन ठेवल्यावर कान तापलेले होते कितीतरी वेळ.

गुरु. २० नोव्हेंबर

पार्सल. एस्टोनियाहून.

आणखी एक पाव. आधीच्यापेक्षा मोठा.

सोबत कागदाच्या पुडीत वाळलेल्या पिठाचे तुकडे आणि लीसचं पत्र, इंग्रजीत: “वानाएमाला, म्हणजे आजीला, खूप आनंद झाला. तिच्या नातवंडांनाही दुकानातला पांढरा पाव आवडतो. तुम्हाला एवढा आवडला म्हणून ती तुम्हाला तिचं खमीर देते आहे. तिला तिच्या आजीकडून मिळालं. कोमट पाण्यात रायच्या पिठाबरोबर ठेवा, रोज थोडं पीठ द्या. रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल करूया? तिला तुम्हाला भेटायचंय.”

म्हणजे विरजणच की. मला का कळू नये? आमच्या या फोरबर्ग गावातल्या चार मराठी घरांत माझंच विरजण आहे. गेल्या वर्षी एकीने विरजणाची वाटी सुट्टीत फेकली तर महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते मी.

पत्र टेबलावर ठेवलं. मुक्ताने वाचलं, घडी घातली, परत तिथेच ठेवलं. डचमध्ये, “आता?” एवढंच.

शुक्र. २१ नोव्हेंबर

रायचं पीठ आणलं. खमीर भिजवलं, काचेच्या बरणीत. पाव अजून कापला नाही. हिंमत होत नाही.

शनि. २२ नोव्हेंबर

कापला. पातळ काप, तव्यावर जरासा गरम केला, लोणी आणि लसणाची चटणी. उभ्याउभ्याच खाल्ला ओट्याशी. चांगला लागला. खरंच चांगला. मग आणखी एक. लोणी लावायचंसुद्धा सुचलं नव्हतं मला तेव्हा.

वाईट लागला असता तर बरं झालं असतं.

मुक्ता आली. तिलाही दिला. खाल्ला. कडा उरल्या होत्या, त्याही खाल्ल्या.

“उद्या काय सांगणारेस?” मराठीत विचारलं. पंधरा दिवसांनी मराठीत.

म्हटलं, सांगितलं तर आजीला किती वाईट वाटेल, एवढ्या म्हाताऱ्या बाईला.

“आजीला वाईट वाटेल म्हणून, का तुला?”

रवि. २३ नोव्हेंबर, दु. ३.४०

बरणीत बुडबुडे आलेत. जिवंत झालंय. आंबट वास स्वयंपाकघरभर, तोच.

अमित म्हणतो, बरणी दाखव, थँक यू म्हण, विषय संपव. मला रात्रभर तेच पटत होतं.

सकाळी इंग्रजीत चार वाक्यं लिहून काढली, लीसला भाषांतर करायला सोपी पडावीत म्हणून. पहिलं वाक्य: तुमचा पहिला पाव आम्ही खाल्ला नाही. मग खोडून: मी टाकला. ‘आम्ही’ कशाला? मुक्ताचा काय संबंध? पुढे मला आंबट वाटला, मला कळलं नाही, मी मुलीला खोटं बोलायला लावलं. लीसलाच हे आजीला सांगावं लागणार, तिच्याच तोंडून. हेही आधी सुचलं नव्हतं.

फ्रिजवर लीसच्या उरलेल्या चिठ्ठ्या आहेत. ‘माफ करा’ त्यांच्या भाषेत: वाबान्दुस्त. सकाळपासून घोकतेय. एवढं तरी आजीला थेट.

३.५५. मुक्ता येऊन बसली शेजारी. मागच्या अंगणातून आली, हातात ती पिवळी चिठ्ठी, पावसाने फुगलेली. अजून कुठे लावली नाही. मुठीत धरून बसलीय.

“तू सांगतेस का मी?”

मी, म्हटलं.

लॅपटॉप वाजतोय.