दोन अंथरुणांचं घर

१२ जानेवारी, रविवार. बारामती.

बाई, आज मला सुट्टी होती. तिला डबा करून दिला, ती साडेसातला ड्यूटीवर गेली. मग कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि दुपारी दोनपर्यंत फोटो बघत बसले. आम्हां दोघींचा, फक्त दोघींचा, एक फोटो हवा होता. मिळाला नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं.

ती म्हणजे मोरगावला तुमच्या भावाच्या घरी मी जिला घेऊन आले होते, ती नर्स. तुमचं बीपी बघून तिनं तुम्हाला लोणचं बंद करायला सांगितलं होतं. ती पाणी आणायला आत गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "लोणचं सोडायला लावणारी माणसं टिकत नाहीत गं." टिकली, बाई. आता चौदा वर्षं होतील. तिला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली आहे. मार्चमध्ये जायचं आहे. तिथं दोन बायकांना लग्न करता येतं, आपल्याकडे कचेरीत जाऊन करतात तसं साधं. लग्नाआधीही जोडीदार म्हणून ती मला नेऊ शकते, पण त्यासाठी आम्ही निदान दोन वर्षं एका घरात संसार केला याचे पुरावे द्यावे लागतात. दोघींच्या नावाचा भाडेकरार, दोघींच्या नावाचं खातं, फोटो, ओळखीच्यांची पत्रं. यातलं आमच्याकडे काही नाही. नसावं म्हणूनच आम्ही चौदा वर्षं जपलं. करार तिच्या नावावर, गॅस माझ्या नावावर. फोटो काढताना मध्ये नेहमी कुणीतरी तिसरं. माझी भाची, तिची मैत्रीण, एका फोटोत तर भिगवणजवळ भेटलेल्या कुणा अनोळखी आजी आहेत. त्यांना आम्ही हौसेनं मध्ये उभं केलं होतं.

हे कुठून शिकले, ते आज पेटी उपसताना कळलं. आमच्या दहावीचा वर्गाचा फोटो सापडला. शिक्षकांच्या रांगेत गणिताच्या मोठ्या बाई डावीकडे टोकाला आणि तुम्ही उजवीकडे टोकाला. तुम्ही दोघी एकाच घरातून निघून, एकाच रिक्षातून शाळेत येत होतात, आणि फोटोत तुमच्यामध्ये अकरा माणसं.

इंदापूरच्या त्या घराचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. शनिवारी दुपारी मी विज्ञानाच्या वह्या आणून देते आणि तुम्ही मला आत बोलावता. गवळ्यानं दूध घातलेलं आहे, तुम्ही त्यात पाण्याची भेसळ ओळखायचा लॅक्टोमीटर सोडता आणि मला म्हणता, "वाच. डोळा दुधाच्या रेषेत आण, वरून बघू नकोस." मोठ्या बाई ओट्यापाशी पोळ्या लाटत म्हणतात, "झाली यांची प्रयोगशाळा सुरू. तो गवळी एक दिवस आपल्याला दूधच घालायचा बंद होईल." तुम्ही म्हणता, "मग तुम्ही म्हैस पाळा." त्या लाटणं उगारतात. मी हसते, कारण शाळेत गणिताच्या तासाला मोठ्या बाईंकडे मान वर करून बघायची आमची छाती नव्हती. आज मी डेअरीच्या प्रयोगशाळेत दिवसाला दोनशे नमुने बघते, ते त्या ओट्यामुळे. पण तेव्हा मला एवढंच वाटायचं की या दोघी लग्न न झालेल्या बाया, सोबतीला म्हणून एकत्र राहतात. सगळं गाव तसंच म्हणायचं.

मोठ्या बाई गेल्या तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला. घर मोठ्या बाईंच्या नावावर होतं. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही त्यानं. म्हणाला, "मावशी, तुमचं सामान तेवढं बाजूला काढा. घाई न्हाय, दुपारपर्यंत काढा." तुम्ही उठलात, कपाटाशी गेलात आणि तशाच उभ्या राहिलात. सव्वीस वर्षांच्या घरातलं तुमचं कोणतं, हे तुम्हाला सांगता येईना. मग त्यानं मला विचारलं, "ताई, तुमी जाऊन-येऊन असता. ही शिलाई मशीन कुणाची?" मी मोठ्या बाईंनाच नेहमी मशीनवर बसलेलं पाहिलं होतं. खरं बोलायची सवय तुम्हीच लावलेली. मी म्हणाले, "मोठ्या बाईंची." मशीन टेम्पोत चढली. ती तुमच्या आईची होती, हे तुम्ही मला सहा वर्षांनी सांगितलंत, तेही बोलता बोलता. तेव्हा का बोलला नाहीत, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "काय बोलणार? मी त्यांची कोण, हे आधी सांगावं लागलं असतं." त्या दिवशी दोन पिशव्या घेऊन तुम्ही मोरगावच्या एसटीत बसलात. मी पिशव्या वर दिल्या आणि बस निघाल्यावर हात हलवला. त्याची मला आजही लाज वाटते.

तिला घेऊन मी तुमच्याकडे आले ते आम्ही बारामतीत हे वरच्या मजल्यावरचं घर भाड्यानं घेतलं त्या वर्षी. मी काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. तुम्ही आम्हाला बाजरीची भाकरी वाढलीत, तिनं मला न विचारता माझ्या ताटातली मिरची उचलली, आणि तुम्ही ते पाहिलंत. निघताना अंगणात मला बाजूला घेतलंत. शेळ्या आणायची वेळ होती, वहिनी गोठ्यात होत्या. तुम्ही हळू म्हणालात, "अंथरुणं दोन घालत जा. आलेल्याला दिसली पाहिजेत. आणि घरमालकाला पहिल्याच दिवशी काहीतरी नातं सांगून टाका. नातं सांगितलं की माणसं पुढचं विचारत नाहीत." एवढंच. आशीर्वाद म्हणा की ताकीद, मी त्याप्रमाणे वागले. खाली घरमालकीण काकूंना आम्ही मावसबहिणी म्हणून सांगितलं. बाहेरच्या खोलीत दुसरी गादी घातली, तिच्यावर रोज चादर बदलली. चौदा वर्षांत आम्हाला कुणी हटकलं नाही. तुमचा सल्ला बरोबर होता, बाई. त्या सल्ल्यानं आम्ही सुखात राहिलो, हे मला कबूल आहे.

सव्वा वर्षापूर्वी दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं आमच्यासारख्यांच्या लग्नाचा निकाल दिला. अशा लग्नांना मान्यता देणं आपलं नाही, संसदेचं काम, असं ते म्हणाले. आम्ही मोबाईलवर ऐकत होतो. तिनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "मला म्हातारपणी दोन पिशव्या घेऊन एसटीत बसायचं नाही. तुलाही बसवायचं नाही." तुमची गोष्ट मीच तिला सांगितली होती. दुसऱ्या आठवड्यात तिनं परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म भरला.

आता अर्जाला या महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे. अर्ज भरून देणाऱ्या वकिलांनी सांगितलं की बाकी काही नसेल तर घरमालकाचं पत्र तरी आणा, या दोघी जोडपं म्हणून इथं राहतात असं. ती म्हणाली, "काकूंना खरं सांगू या. फार तर काय, बोलायच्या बंद होतील. जाणारच आहोत." मी म्हणाले, मी बोलते. दहा दिवसांपूर्वी खाली गेले. काकू पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काकू, एक कागद हवा होता. आम्ही दोघी इथं राहतो म्हणून."

"देते की. कशाला पायजे?"

"तिच्या परदेशाच्या कामाला."

"मंग तुजं नाव कशापायी त्यात? तू बी चाललीस व्हय? अगं, वरचं घर कुणाला देऊ मी? पोरं ठिवली की धिंगाणा."

"अजून नक्की नाही."

"बस हितं. लिवते. माझं अक्षर बघून त्या गोऱ्यांनी तुमाला माघारी धाडलं तर मला बोलायचं न्हाय."

त्यांनी चष्मा लावून सावकाश लिहिलं. या दोघी सख्ख्या मावसबहिणी माझ्या घरी चौदा वर्षं राहतात, वागणूक चांगली आहे. खाली सही. मग कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "सख्ख्या माझ्या पदरचं लिवलंय. तेवढंच वजन पडंल."

तेव्हाच सांगायचं होतं. मावसबहिणी नाही, काकू, एवढेच शब्द होते. काकूंच्या मांडीवर शेंगांची टरफलं पडलेली होती आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मी कागदाची घडी घातली आणि वर आले.

तो कागद माझ्या डेअरीच्या बॅगेत आहे. तिला मी सांगितलं की काकू मुलाला विचारून देते म्हणाल्यात. ती रोज विचारते, आला का. मी नाही म्हणते. ती चिडतही नाही, "बिचाऱ्या काकू" म्हणते.

तुम्हाला म्हणून सांगते, भीती काकूंची नाही. काकू रागावतील, पंधरा दिवसांनी वाटीभर आमटी घेऊन वर येतील, मला माहीत आहे. पण कागद बरोबर लिहून मिळाला तर मला जावं लागेल. आणि जिथं काही लपवायचं नाही अशा घरात कसं राहतात, ते मला येत नाही. तुम्हीही ते शिकवलं नाहीत. तुम्हालाही येत नव्हतं. ती मार्चमध्ये एकटी जाईल आणि मी इथं राहीन, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलंय की काय, असं मला हल्ली वाटतं. तिला हे सांगितलेलं नाही. आज फोटो मिळाला नाही तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, हेही सांगितलेलं नाही.

पाच वाजून गेले. हे वहीतच राहू दे. ज्वारीचं पीठ संपलंय आणि गिरणी सहाला बंद होते. डबा घेऊन खाली उतरले की काकू दारातून विचारतील, "दळण व्हय?" मी हो म्हणेन आणि गिरणीवर जाईन.