बांगड्यांवरचा काळा दगड

बर्थाबाय,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, मॅग्डलीनचा, तुला जय येशू. तुझे गुडघे वळतात का, तुझ्या रेमंडची होडी रंगवून झाली का आणि तुझी सून बोलायला लागली की अजून फुगलेलीच आहे, ते कळव. आम्ही फुलपाड्यात बरे आहोत. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे पाहुण्यांचा त्रास नाही. फोन न करता लिहिते, कारण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि माझ्या घरातलं अख्ख्या पाचूबंदराला पाठ होतं. (अक्षराला हसू नकोस, तूही चौथीच शिकलीस.)

तर आमची क्रिस्टिना. तू सणाला आलीस तेव्हा बाल्कनीत तिने कॉलेजच्या अभ्यासासाठी कच्छातून आणलेले काळे दगड चिठ्ठ्या लावून मांडले होते. तू म्हणालीस, नात नवरा शोधायच्या वयात दगड शोधते. मलाही तसंच वाटायचं. पण एकदा बसवून विचारलं, तर पोरीने असं समजावलं की फादरांनी प्रवचनासाठी शिकवणी लावावी. समुद्राच्या तळाला गाळात शेवाळ आणि बारीक जीव मरून पडतात, वर गाळ बसत जातो, हवा लागत नाही म्हणून सगळं कुजून संपत नाही, आणि दाबाने दगड होतो. पापुद्रे सुटतात तो शेल, ढेकळासारखा फुटतो तो नुसता चिखलाचा दगड. मग पृथ्वीच्या पोटात तो शिजतो. कच्चा असेल तर काही देत नाही, नीट शिजला तर तेल देतो, फार शिजला की नुसता गॅस. (तुझा नवरा आठवला. देव त्याला शांती देवो.) काळा दिसला म्हणजे तेलाने श्रीमंत, असंही नाही. भट्टीत तापवून बघायचं, काय निघतं त्यावरून गरीब, बरा की श्रीमंत ते ठरवायचं. ही भट्टी आधी मिळाली असती, तर आपल्याकडे दोन जावई कमी असते.

आता ऐक. तिने गरीब म्हणून बाजूला ठेवलेला नऊ नंबरचा दगड भट्टीत सगळ्यांत श्रीमंत निघाला. तिचे सर नाचायचे बाकी राहिले. "अगं, हा तर खजिना!" म्हणाले, पेढे वाटले, तिच्या परदेशच्या शिक्षणाची शिफारस लिहायला बसले. दुसऱ्या कुठल्या पोरीने गप्प बसून पेढा खाल्ला असता. ही घरी आली, पिशवीतला तुकडा हुंगला आणि मला विचारते, "आजी, ह्याला बांगड्याचा वास कसा गं?"

बर्थाबाय, वास कुठला ते मला लगेच कळलं. तू त्या सणात खारात घातलेल्या बांगड्यांवर वजन काय ठेवलं होतंस, ते मला चांगलं आठवतं. नंतर तो दगड नळाखाली धुऊन चिठ्ठीसकट जागच्या जागी ठेवलास. (सफाईत तुझा हात कोण धरणार!)

पोरीने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, हे तेल दगडाचं नाही, माशाचं आहे." सरांचा चेहरा सुकलेल्या बोंबलासारखा झाला. शिफारस थांबली. पण ती रडली नाही. म्हणाली, "आतला कोरा भाग काढून पुन्हा तापवू, गरीब निघाला तर गरीब लिहू." आपल्या खानदानात खोटा मान परत करणारी ही पहिलीच. मला तिचा अभिमान वाटतो. हे तिला सांगू नकोस, चढेल.

तुझी,
मॅग्डलीन

ता. क. अडचण एवढीच, की नऊ नंबरचा आमच्याकडचा दगड भुकटी होऊन संपला. त्याचाच दुसरा धड तुकडा बसतो छान म्हणून तू सणाहून परतताना घरी नेलास आणि तो तुझ्या बांगड्यांच्या बरणीवर आहे. सोमवारच्या आत रेमंडबरोबर पाठव. धुऊ नकोस, पुसू नकोस, तुझ्या साबणालाही तेल असतं. त्याच्या पोटातला कोरा भाग मिळाला, तर पोरीचा निकाल पुरा होईल आणि सर शिफारशीवर सही करतील.

आणखी ता. क. क्रिस्टिनाला मी सांगितलंय की दगड मीच ठेवला होता. तुझं नाव आलं नाही, येणारही नाही. मात्र दगडाखालची बरणी अर्धी माझी.