वाक्यात उपयोग करा

पोंभुर्णा, ३ एप्रिल १९८४

आज नववीला 'थ्रो कॉशन टू द विंड' शिकवलं. अर्थ सांगितला: परिणामांची पर्वा न करता बेधडक वागणं. वाक्यात उपयोग विचारला, तर सुनंदा उठली. "बाई, जंगलात वाघ हाय तरी माझी माय मोहफुलं वेचाले जाते."

मी म्हटलं, ते पोटासाठी गं, बेधडकपणा नाही. मग बेधडकपणा कोणता? कितीतरी वर्षांपूर्वीची मधुकरची सायकल आठवली. त्याच जंगलातून दिवस बुडताना मला भेटायला एकटा आला होता. आमची जात एक नाही, तरी त्यानं विचारलं, "येतं काय मह्यासंगं? लग्न करू." मी म्हटलं, बाबाले विचारून सांगते. सायकल वळली, ती अजून वळतेच आहे डोळ्यांपुढं.

पोरी म्हणाल्या, "बाई, तुमचं वाक्य सांगा ना."

अर्थ मला पाठ आहे. उपयोग तेवढा राहून गेला.